डबा, भाकरी, नळ आणि शेजारचा माग: घरातल्या आवाजांच्या नोंदी

आधीच सांगतो, मला संगीतातलं काही कळत नाही. दुसरीत असताना तबल्याच्या क्लासला घातलं होतं, तीन महिन्यांत आईनेच काढून घेतलं. दिवसभर एका ऑफिसात जीएसटीची कामं करतो, सोल्डरिंग, म्हणजे वायरी डाग देऊन जोडणं, या जुलैपर्यंत कधी केलेलं नव्हतं. हे लिहितोय कारण घरातल्या वस्तूंचे आवाज रेकॉर्ड करायचे म्हटलं तर मराठीत नीट काही सापडलं नाही, आणि ज्या चुकांत माझे पैसे आणि रविवार गेले त्यात तुमचे जाऊ नयेत.

६ जुलै, रविवार, आषाढी

उपवासाचं खाऊन आडवा झालो होतो. उशाशी ज्वारीचा रिकामा डबा, म्हणजे तेलाचा तो १५ किलोवाला पत्र्याचा. भाचा त्यावर नखाने खरवडत बसलेला. त्याला ओरडायला म्हणून उठलो आणि कसा काय माझा कान डब्याला टेकला, तर आत वेगळंच चाललेलं. बाहेर नुसती खरखर आणि आत लांब कुठेतरी भरलेला ट्रक घाट चढतोय असं. अर्धा तास आम्ही दोघं आलटून पालटून कान लावून बसलो. आई म्हणाली, एकादशीला हे काय रे नवीन.

तर ठरवलं असं की घरातल्याच वस्तूंच्या आतले आवाज पकडायचे, त्याचं दहा-बारा मिनिटांचं काहीतरी करायचं आणि गणपतीच्या आधी गच्चीवर चार लोकांना ऐकवायचं. आवाजासाठी नवीन वस्तू विकत घ्यायची नाही, पैसे फक्त वायरी-बियरींवर. बजेट १००० रुपये.

८ जुलै

कान टेकवल्यावर जे ऐकू येतं ते साध्या माईकला येत नाही, कारण साधा माईक हवेतलं ऐकतो. वस्तूला चिकटून तिची थरथर घेणारा पाहिजे, म्हणजे पायझो. दुकानात पायझो पायझो म्हणून दोनदा विचारलं, शेवटी तो म्हणाला बजरची चकती म्हणा की सरळ. पितळेची पातळ चकती, मधे पांढरा गोल. २७ मिलिमीटरची, दहा रुपयाला एक, सहा घेतल्या. सोल्डरिंग इस्त्री, म्हणजे डाग द्यायचं आयर्न, २२०, सोल्डर आणि पेस्ट ६०, लॅपटॉपला लावायचं यूएसबी साऊंड कार्ड १८०.

१२ जुलै, शनिवार

सहातल्या तीन चकत्या मेल्या. मधला पांढरा भाग सिरॅमिकचा आणि त्यावर चांदीचा एकदम पातळ थर असतो, त्यावर इस्त्री दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवली की थर उचलून येतो, मग वायर हातात आणि चकती टकली. मी पहिल्या चकतीवर इस्त्री बहुतेक दहा सेकंद धरली असेल. जमलेली पद्धत अशी: वायरच्या टोकाला आधी सोल्डर लावून घ्या, चकतीवर एक छोटा ठिपका पाडा, मग दोन्ही जवळ आणून एक सेकंद टेकवा आणि सोडा. पितळेच्या बाजूला मात्र उष्णता जास्त लागते, तिथे घाई केली तर चिकटतच नाही. दुकानात वायर लावलेल्या तयार चकत्याही मिळतात हे मला नंतर कळलं, त्याच घ्या.

१३ जुलै, रविवार

पहिलं रेकॉर्डिंग. डब्याला टेपने चकती लावली, ऑडासिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालू केलं, नखाने खरवडलं. निराशा. घाट नाही, ट्रक नाही, नुसती चिरचिर, चिमणीने पत्र्यावर चोच मारावी तशी. वरून सगळ्याच्या मागे एक घूंऽऽ असा सतत आवाज.

घूं कुठून आला ते मला लगेच कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून जवळच, आणि आमच्या मागच्या खोलीची भिंत शेजारच्या कारखान्याला लागून आहे. आठ यंत्रमाग आहेत, चादरीचे. दिवसरात्र खटक-खटक, आम्हाला तो चालू असताना ऐकूच येत नाही, बंद पडला की जाग येते. म्हटलं हे यांच्या मोटारींचंच असणार. हे वाक्य लक्षात ठेवा, महिनाभर मला छळलंय त्याने.

१६ जुलै

चिरचिर का येते ते सापडलं. चकतीतून करंट म्हणावा तर काहीच निघत नाही, ती एक छोटा कपॅसिटर असल्यासारखी वागते, आणि साऊंड कार्डाचं माईकचं तोंड तिच्यासाठी फार ढिलं. म्हणजे जाड आवाज वाटेतच गळून जातात, बारीक तेवढे पोचतात. मधे एक बफर, म्हणजे चकतीचा आवाज सांभाळून पुढे देणारं छोटं सर्किट, लागतो ज्याचं तोंड दहा लाख ओहमचं असेल. टीएल०७२ नावाची आयसी, काही रेझिस्टर, दोन कपॅसिटर, ठिपक्यांचा बोर्ड, ९ व्होल्टची बॅटरी, सगळं मिळून ११० रुपये.

बनवलं तर आवाज फाटका. दोन रात्री गेल्या. चूक अशी होती की आयसीला एकाच बॅटरीवर चालवायचं तर इनपुटला मधल्या व्होल्टेजवर, म्हणजे साडेचारवर, टांगून ठेवावं लागतं. १०० के चे दोन रेझिस्टर घेऊन बॅटरीचे दोन भाग करायचे आणि मधल्या टोकापासून १ मेगचा, म्हणजे दहा लाख ओहमचा, रेझिस्टर इनपुटला. मी तो १ मेग सरळ मायनसला नेला होता, त्यामुळे अर्धी लाट कापलीच जात होती.

नीट जोडल्यावर रात्री साडेअकराला डब्यावर फक्त बोट फिरवलं. ट्रक घाट चढला. बायकोला उठवून हेडफोन घातला, ती ऐकून म्हणाली हा आपला डबा? आणि झोपली.

२० जुलै, रविवार

नळ. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी एकदा येतं, यावेळी पहाटे यायचं होतं. सोलापूरकरांना सांगायला नको की पाणी यायच्या आधी नळ बोलतो. पण त्या बोलण्याच्या आत काय आहे हे मी पहिल्यांदा ऐकलं. अंगणातला पाईप लोखंडी आहे, त्याला कपड्याच्या चिमट्याने चकती लावली आणि अडीचला पायरीवर बसलो. आधी काहीच नाही. मग एक बारीक सुस्कारा, तो हळूहळू जाड होत जातो, मधेच कोणीतरी घसा खाकरल्यासारखं, परत गप्प. मग लांबून कुठल्यातरी घरची मोटार चालू झाल्याची घरघर पाईपमधून आली, पाठोपाठ दुसरी, तिसरी. गल्लीत अजून एकही दिवा लागलेला नाही आणि मला पाईपवरून कळतंय की तीन घरं जागी झालीत. मग धडधडत पाणी. मी ऐकतच बसलो, आपलीही मोटार लावायची असते हे विसरलो. टाकी अर्धीच भरली. त्यावर घरात जे बोलणं झालं ते रेकॉर्ड केलेलं नाही.

दोन गोष्टी: वर जाणारा पाईप प्लॅस्टिकचा आहे, त्याला लावून बघितलं तर आवाज मेलेला, लोखंडच पाहिजे. आणि चकती भिजली की संपली. माझी भिजली. नंतरच्या सगळ्या चकत्यांना बायकोच्या नेलपॉलिशचे दोन थर दिले, पाणी शिरत नाही. लाल रंगाचं होतं, दिसायला छान दिसतात. सहा चकत्या अजून आणल्या, ६० रुपये.

२७ जुलै, रविवार

सगळ्यात मजेशीर दिवस. खलबत्त्यात आई शेंगाची चटणी कुटत होती, खलबत्त्याच्या बुडाला चकती लावली. फुकट, म्हणजे लोखंडाचा इतका मोठा ठोका की बफरच फाटतो. चकती फरशीला, हातभर लांब लावली तर सुंदर. आधी कोरडे दणदण, मग शेंगदाण्याला तेल सुटायला लागलं की ठोका ओला होत जातो, शेवटी शेवटी चिखलात पाय पडल्यासारखा. कुटता कुटता आवाज बदलतो हे आईला आधीच माहीत होतं. ती म्हणाली, मग चटणी झाली हे मी कशावरून ओळखते असं वाटतं तुला?

मग कडक भाकरी. चकती सरळ भाकरीलाच चिकटवली, दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने. बोटाने नुसती घासली तरी वाळूवरून बैलगाडी जाते असा आवाज, आणि मोडली की कानात वीज पडते. चार भाकऱ्या मोडल्या आणि रेकॉर्डिंग झाल्यावर दह्यासोबत खाल्ल्या. एक सूचना, पावसाळी हवेत भाकरीच्या डब्याचं झाकण उघडं ठेवू नका. पाचवी भाकरी संध्याकाळसाठी तशीच ठेवली होती, ती सादळली, मोडायला गेलो तर वाकली, आवाज शून्य.

२ ऑगस्ट, शनिवार

घूं काही जात नाही. सगळ्या रेकॉर्डिंगच्या खाली तो आहेच. रात्री दोनला करून बघितलं, तरी आहे, पण मागही रात्री चालूच. शेवटी कारखान्यात गेलो. अण्णांना, म्हणजे माग चालवणाऱ्या मालकांना, विचारलं की अर्धा तास बंद ठेवता का. ते म्हणाले, अर्धा तास? बाबा, धागा तुटला तर दोन मिनिटं माग थांबतो तेव्हा पण माझा जीव खालीवर होतो. कशाला पायजे? मी म्हटलं आवाज रेकॉर्ड करायचाय. कसला आवाज? म्हटलं, भाकरीचा. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, नारळी पौर्णिमेला रथ असतो तवा बंद राहील, तवा घे.

पुण्याच्या एका मित्राला फोनवर सांगितलं तर म्हणे, हे काय बे परदेशी फॅड करालास. फॅड असेल, पण नवीन नाही. पॅरिसच्या रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफरने १९४८ साली रेल्वे इंजिनांचे आवाज रेकॉर्ड करून त्याची रचना केली होती. आणि अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे तिथल्या डिझाईनच्या राष्ट्रीय संस्थेत, १९६९ मधेच डेव्हिड ट्युडर या अमेरिकन संगीतकाराने मूग नावाचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं मशीन, लावून स्टुडिओ उभा करून दिला होता. त्यांच्याकडे मशीन होती, माझ्याकडे डबा आहे, एवढाच फरक आहे असं मी त्याला ऐकवलं. तो हसला. हसू दे.

५ ऑगस्ट, मंगळवार

ऑफिसातून लवकर निघून मंगळवार बाजार. जुन्या टीव्ही-टेपांतले चार इंची स्पीकर तीन, प्रत्येकी ५०. विचार असा की ऐकवताना पेटीतले स्पीकर नकोतच, डब्यातला आवाज डब्यातूनच यावा. स्पीकरच्या कोनाच्या मधोमध बाटलीचं प्लॅस्टिकचं बूच एमसीलने चिकटवलं, आणि ते बूच डब्याच्या पत्र्याला टेकेल असा स्पीकर आतून लाकडी पट्टीवर बांधला. डबाच थरथरतो. आवाज मोठा करणारे छोटे ॲम्प बोर्ड ८० रुपयाला एक, दोन घेतले. त्यातल्या एकाला हातातली ९ व्होल्टची बॅटरी लावली. बोर्ड ५ व्होल्टचा असतो. धूर. अजून ८० रुपये. मोबाईलच्या चार्जरवर चालवा, बॅटरीच्या नादी लागू नका.

९ ऑगस्ट, शनिवार, नारळी पौर्णिमा

मार्कंडेय रथोत्सव, पूर्व भागातले कारखाने बंद. सकाळी उठलो तर घर कुणीतरी उचलून दुसरीकडे नेऊन ठेवलंय असं वाटलं. भिंत गप्प. आईलाही चैन पडेना, दोनदा विचारलं, लाईट गेली का?

डब्याला चकती, हेडफोन, रेकॉर्ड.

घूंऽऽ.

तसाच. एक कणभर कमी नाही. ऑडासिटीत आलेख काढून बघितला तर ५० हर्ट्झला सुळका, मग १००, मग १५०. म्हणजे मागबिग काही नाही, घरातली लाईट, तीच ५० हर्ट्झची असते. मग एकेक करून फ्रीज बंद, पंखा बंद, इन्व्हर्टर बंद, फरक शून्य. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि एकदम शांत, जवळजवळ सगळंच. माझ्या लॅपटॉपची बॅटरी जवळजवळ गेलेली आहे म्हणून तो कायम चार्जरवर असतो, त्यामुळे हे एकदाही लक्षात आलं नव्हतं. महिनाभर मी अण्णांच्या नावाने बोटं मोडली आणि चोर माझ्या मांडीवर बसलेला.

दुपारी रथ आला तेव्हा खिडकीशी ठेवलेल्या डब्यात ढोल उतरला. चकती हवेतला आवाज घेत नाही म्हणतात ते खरं आहे, बोललेलं काही येत नाही, पण ढोलाने पत्राच हलत होता. चार मिनिटं मिळाली, ठेवलीत.

१० ऑगस्ट, रविवार

उरलेल्या घूंची सोय. साधी वायर काढून माईकची शिल्डेड, म्हणजे वरून तारेची जाळी असलेली, वायर लावली, ३० रुपये मीटर, पाच मीटर, आणि तीन पिना ६० रुपये. चकतीला किचनमधली पोळ्या गुंडाळायची फॉईल गुंडाळून ती वायरच्या जाळीला जोडायची. इथे पण एक चूक केली, फॉईल सरळ चकतीवर गुंडाळली, तिने मधला गोल आणि पितळ दोन्ही एकत्र जोडून टाकलं, आवाजच बंद. आधी चकतीला पूर्ण टेप, मग फॉईल. आणि फॉईलला साधं सोल्डर चिकटत नाही, त्यात एक तास घालवू नका, जाळीची तार सोलून फॉईलवर ठेवा आणि वरून टेप घट्ट आवळा.

रेकॉर्डिंग आता चार्जर काढून. लॅपटॉपची बॅटरी २५ मिनिटं टिकते, तेवढ्यात काय ते उरकायचं. नळ मात्र जुनाच ठेवला, घूंसकट. तसं पाणी परत आलं नाही, म्हणजे आलं, पण नळ तसा बोलला नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

माग परत चालू, आणि आता तो नकोसा वाटेना, उलट सहा दिवसांपूर्वीची ती गप्प भिंत आठवून मुद्दाम ऐकावासा वाटायला लागला. भिंतीच्या गिलाव्याला चकती लावली तर मातकट, अंतर नाही, नुसता गदारोळ. मग कॅलेंडर काढून त्याच्या खिळ्याला चिमट्याने लावली. खिळा भिंतीत खोल गेलेला आहे, तो सगळं घेऊन येतो. आठही माग वेगळे ऐकू येतात. एकेक माग मोजला, मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके, पण कुठल्याच दोघांचा वेग बरोबर एक नाही, त्यामुळे ते एकमेकांना गाठतात, दोन-तीन ठोके एकत्र पडतात, मग परत सुटतात. एक माग मात्र खट-खट असा न जाता खट-खट-टक् जातो. तो मला सगळ्यात आवडला.

हा आवाज डब्यातून वाजवला आणि डब्यावर परात, परातीत मूठभर ज्वारी. दाणे उड्या मारायला लागले. ठोका पडला की सगळे एकदम अर्धा बोट वर, आणि जिथे पत्रा कमी हलतो तिथे दाण्यांची ओळ साचत जाते. भाचा परातीत नाक घालून बसला. आई म्हणाली ज्वारी सांडली तर तूच वेचायचीस. सांडली. मीच वेचली.

१७ ऑगस्ट, रविवार

बाटल्या. फार लिहीत नाही कारण शेवटच्या रचनेत घेतल्या नाहीत. एकच गोष्ट, पाणी वाढवत गेलं की चमच्याने वाजवलेली बाटली खाली उतरते आणि तीच तोंडाने फुंकली तर वर चढते. वाजवताना काच हलते आणि पाण्याने ती जड होते, फुंकताना आतली हवा हलते आणि ती कमी होत जाते. भाच्याने हे शाळेत बाईंना सांगितलं, बाई म्हणाल्या करून दाखव, आता आमच्या दोन बाटल्या शाळेत आहेत.

२३ ऑगस्ट, शनिवार

जोडाजोड. ११ मिनिटं ४० सेकंद. आधी नळाचा सुस्कारा, मग भाकरी, चटणी, मधे रथाचा ढोल थोडा, शेवटची साडेतीन मिनिटं नुसता खिळ्यातून आलेला माग. इफेक्ट लावून बघितले, गुहेसारखं घुमवणं वगैरे, सगळे काढले. भाकरी गुहेत कशाला मोडायची.

खर्च: चकत्या १२०, इस्त्री २२०, सोल्डर ६०, साऊंड कार्ड १८०, बफर ११०, वायर १५०, पिना ६०, स्पीकर १५०, ॲम्प २४०. एकूण १२९०. बजेटच्या २९० वर. भाकऱ्या धरलेल्या नाहीत.

२४ ऑगस्ट, रविवार

गच्ची. तीन डबे, तिघांवर परात-ज्वारी, कारण लोकांना बघायला काहीतरी लागतं. संध्याकाळी सहाला भुरभुर पाऊस, सगळं जिन्यात आणलं, सातला परत वर. चौदा माणसं आली, त्यातली पाच घरचीच. नळाचा आवाज आला तेव्हा दोन बायका हसल्या आणि एकीने सवयीने खाली अंगणाकडे बघितलं. भाकरीला लहान मुलांनी टाळ्या वाजवल्या. मधे एक डबा बंद पडला, बूच निसटलं होतं, हाताने दाबून धरून उभा राहिलो शेवटपर्यंत.

अण्णा मागे पाण्याच्या टाकीला टेकून उभे होते, मुंडासं घट्ट बांधलेलं, कानावरून. शेवटचा माग सुरू झाला तेव्हा त्यांनी मुंडासं सोडलं. पुढे आले, वाकले आणि मी धरलेल्या डब्याला कान लावला. एक मिनिटभर तसेच. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, हा तीन नंबर आहे माझा. पिकर, म्हणजे धागा नेणाऱ्या धोट्याला ठोकर देतो तो, गेलाय याचा. धोटा जाऊन बसत नाही नीट, परत उडतोय, ऐक, टक्. मी विचारलं, तुम्हाला तिकडे ऐकू येत नाही? तिथे आठ चालतात रे, ते म्हणाले, एकट्याचं कोण ऐकतो.

रचना संपल्यावर कोणी काही विचारलं नाही, चहा झाला, ज्वारी वेचली.

२५ ऑगस्ट

ऑफिसातून आल्यावर खिळ्याला चकती लावली. तीन नंबरचा टक् नाही. खट-खट, खट-खट, बाकीच्यांसारखाच. फाईलचं नाव बदलून दुरुस्तीच्या आधी असं ठेवलं.

रात्री अण्णा दारात. एक बजरची चकती पायजे, म्हणाले, आणि ते कानातलं पण दे, सहा नंबरचा पण संशय येतोय. दोन चकत्या शिल्लक होत्या, त्यातली चांगली दिली. नेलपॉलिश बघून त्यांनी काही विचारलं नाही.